आमसुलांशेजारी वाळवलेली गिटार

संदेशने आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई, गिटार एकदाच घेणार. चांगली निघाली तर उत्तम. नाही निघाली तर पुन्हा मागायची नाही."

संदेश रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत लिपिक आहे, आणि बोलतो तसंच वागतो. हे बोलणं चाललं होतं तेव्हा त्याची मुलगी नम्रता माझ्या पडवीत मान खाली घालून बसली होती. मला तिचीच काळजी वाटली.

नम्रता बारा वर्षांची. शहरालगतच्या नाचणे गावात माझ्या घरामागेच राहते. आठवड्यातून दोनदा येते आणि माझ्या गिटारीवर शिकते. ती बोटांनी वाजवते. सगळ्या तारा एकदम झणकारायच्या नाहीत, एकेक तार छेडायची. अंगठा खर्जाचे सूर धरतो आणि बाकीची बोटं वरची चाल वाजवतात. तिचा हात या कामाला फार चांगला आहे. आता घरी रोज सराव हवा, आणि त्यासाठी स्वतःची गिटार हवी.

पण या मुलीला "नको" म्हणता येत नाही. सरबत गोडमिट्ट झालं का विचारलं तर "चालेल." शिकवलेली गत फार जलद होते आहे का? "जमेल." मोठं माणूस जे म्हणेल त्याला तिची मान हलते. एरवी अशा मुलांचं सगळे कौतुक करतात. वाद्य घेताना मात्र हा स्वभाव महागात पडतो. हाताला बोचतंय ते मूल सांगत नाही, चुकीचं वाद्य घरी येतं, मूल थोडे दिवस झटतं आणि आपल्यालाच जमत नाही असं समजून सोडून देतं. रत्नागिरीत कितीतरी घरांत कपाटावर अशा गिटारी पडून आहेत. जुन्या गिटारी स्वस्तात मिळतात त्या म्हणूनच.

मी संदेशला म्हटलं, "दोष असेल तो मी दाखवीन. कुठली घ्यायची ते नम्रता सांगेल."

"तिला काय कळतंय, बाई?"

"बोटं तिची आहेत ना?"

"बोटं तिची, पण खिसा माझा," संदेश हसून म्हणाला. पण कबूल झाला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षाने निघालो. पहिली गिटार मारुती मंदिराजवळ ओमकार नावाच्या कॉलेजातल्या मुलाकडे होती. तो जुनी वाद्यं घेऊन, पुसूनबिसून विकतो. गिटार काळी, चकचकीत, एका खांद्याला खोलगट कापलेली. ओमकारने पिक, म्हणजे तारा छेडायची प्लास्टिकची चकती, घेऊन अशी झणकारली की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

"हॉल भरतो, काका, हॉल! गॅदरिंगला माइक लागणार नाही."

संदेशचा चेहरा उजळला. "याला म्हणतात गिटार. काय गो नमू?"

"छान आहे, बाबा."

मी गिटार हातात घेतली. माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी वाद्य आधी बघायला लावते, वाजवायचं मागाहून. नम्रताला म्हटलं, "एक डोळा मीट आणि बंदूक धरल्यासारखी मानेवरून नजर टाक. काय दिसतं?"

"सरळ आहे."

"तारा मानेपासून किती उंच आहेत?"

"जवळच आहेत. दाबायला हलक्या आहेत." तिने खुंट्या फिरवल्या, फ्रेटांवरून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरून, नख फिरवलं, पोटातल्या भोकाशी नाक नेऊन वास घेतला. बुरशीचा वास नव्हता. गिटार धडधाकट होती, आणि ते मी संदेशला स्पष्ट सांगितलं.

"आता तुझी गत वाजव," मी म्हटलं.

ती वाजवायला लागली आणि मला दिसलं ते बहुधा तिलाही जाणवलं. त्या गिटारीची मान अरुंद होती. तारा एकमेकींना खेटून होत्या. पिकने झणकारणाऱ्याला याचा फरक पडत नाही, उलट बरं वाटतं. पण नम्रताचं बोट एक तार उचलायला गेलं की शेजारचीला लागत होतं. डाव्या हाताचं बोट पलीकडच्या तारेला चिकटून तिचा आवाज बंद करत होतं. जी चाल ती माझ्याकडे डोळे मिटून वाजवते, ती तिथे ठेचकाळत पुढे गेली.

"कशी वाटली?" मी विचारलं.

तिने बापाकडे पाहिलं. "होईल सवय."

मान अरुंद आहे हे मी सांगितलं असतं तर संदेशने ऐकलंही असतं. पण मग ती निवड माझी झाली असती, आणि पुढच्या वेळी नम्रताने बापाऐवजी माझ्याकडे पाहिलं असतं. मी एवढंच म्हटलं, "दुसरी बघू, मग ठरवू."

"संध्याकाळपर्यंत थांबतो, काका," ओमकार म्हणाला. "त्यानंतर माझा भरवसा नाही. लांज्याहून एक जण दोनदा फोन करून बसलाय."

दुसरी गिटार विमलाकाकींकडे होती. त्यांचे यजमान पोफळीच्या वीजकेंद्रात होते, निवृत्तीनंतर दोघांनी इथे घर बांधलं. संदेशची आणि त्यांची ओळख विहारातली. दारातच "जय भीम, काकी" झालं, पाणी आलं, आणि पाठोपाठ खोळीतून गिटार आली. त्यांचा मुलगा प्रथमेश पोफळीच्या कॉलनीत असताना शिकायचा. आता मुंबईला नोकरीला आहे.

ही गिटार लहान अंगाची, पिवळट लाकडाची, बिनचमकीची. मान रुंद. मागे मोठा जांभळट लाल डाग. संदेशने तो डाग बघून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे इथून निघूया अशा अर्थाने.

"घे," मी नम्रताला म्हटलं.

तिने मांडीवर घेतली. तिचा उजवा हात सहज गिटारीच्या काठावर टेकला. काळ्या गिटारीवर तो खांद्यातून वर ओढून धरावा लागत होता. तारा जुन्या, गंजलेल्या होत्या, पण वरच्या दोन-तीन फ्रेटांपाशी तिने चाल सुरू केली आणि एकेक सूर सुटा पडायला लागला. मऊ, लहानसा आवाज. मग तिने हात मानेवरून खाली सरकवला आणि चेहरा आक्रसला. तिथे तारा इतक्या उंच होत्या की दाबताना तिचं नख पांढरं झालं.

"काय झालं?"

"काही नाही."

"नम्रता, मी गिटारीला विचारत नाहीये, तुला विचारत्ये."

"दुखतं इथे," ती हळूच म्हणाली.

"का दुखतं ते शोध."

तिने एक डोळा मिटून मान बघितली. मान सरळ होती. मग तिने गिटार फिरवून ब्रिज बघितला. तारांची खालची टोकं ज्या लाकडी पट्टीत अडकवलेली असतात ती पट्टी. तिच्या मागच्या कडेखाली बारीक फट होती. तिने रिक्षावाल्याने परत दिलेल्या पैशांतली दहाची नोट त्या फटीत सारली, ती बरीच आत गेली.

"हे सुटलंय, बाई. तारांनी ओढून वर आलंय. म्हणून तारा उंच झाल्या."

"शाबास. आणि सुटलं कशाने?"

हे तिला माहीत असणं शक्य नव्हतं. उत्तर विमलाकाकींकडून आलं, तेही मोठ्या अभिमानाने. "मी लय जपली हो तिला. पोफळीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे ना? चपलांना बुरशी, पट्ट्याला बुरशी, फोटोच्या काचेला आतून बुरशी. पण या गिटारला लागू दिली नाय. दर मे महिन्यात आमसुलं वाळत घातली की शेजारी हीपण उन्हात. सकाळी काढायची, संध्याकाळी आत. एकदा आमसुलांचं पाणी वघळलं, त्याचाच तो डाग."

नम्रता खुदकन हसली आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

मी हळूच सांगितलं, "काकी, गिटार डिंकाने जोडलेली असते. कडक उन्हात डिंक मऊ होतो आणि ताणलेल्या तारा पट्टीला उचलतात. दरवर्षी थोडी थोडी उचलली."

विमलाकाकी थबकल्या. "म्हणजे मी मोडली?"

"मुद्दाम नाही."

"अहो पण पोरगा म्हणायचा, आई, बोटं दुखतात. मी म्हणायचे, आळस करतोस. एवढे पैसे घालून आणली आणि आता बोटं दुखतात म्हणे!" त्या खुर्चीत बसल्या. "आणि सोडलीन् त्याने. मला वाटलं, कंटाळला."

नम्रता त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मग तिने पुन्हा तो खालचा फ्रेट दाबून पाहिला, आणि स्वतःच्या बोटाचं टोक निरखलं.

संदेश उठला. "बरं काकी, निघतो आम्ही. काळीच घेऊ. काय नमू?"

तिने मांडीवरची गिटार सोडली नाही. तिची मान खालीच होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण माझ्याकडे बघून तिने उत्तर शोधू नये.

"बाबा, काळी नको."

"काय?"

"तिच्या तारा फार जवळ आहेत. माझी बोटं अडकतात. मी सवय होईल म्हटलं, पण नाही होणार."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"तुम्हाला आवडली होती."

संदेश परत बसला. "आणि ही मोडकी घ्यायची? मागे डाग असलेली?"

"डाग मागे आहे, वाजवताना माझ्या पोटाशी असतो, दिसत नाही," ती म्हणाली. "ही वरच्या बाजूला बरोबर वाजते. पट्टी बसली तर खालीपण वाजेल."

संदेश माझ्याकडे वळला. "बसेल, बाई?"

"बहुतेक बसेल. मी दोन बसवल्या आहेत. हमी देणार नाही."

"नाही बसली तर?" हा प्रश्न त्याने मुलीला केला.

तिने विचार केला. "तर मी पहिल्यासारखी बाईंकडेच शिकेन. दुसरी मागणार नाही. पण काळी घेतली तर मी वाजवणार नाही, बाबा. आत्ताच सांगत्ये."

विमलाकाकी म्हणाल्या, "ऐक रे संदेश, ऐक. मी नाय ऐकलं." आणि सांगितलेल्या किमतीच्या निम्मीच घेईन असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं. संदेशने तेवढ्यावर घासाघीस केली नाही. त्याने ओमकारला फोन लावला आणि लांज्यावाल्याला देऊन टाक म्हणाला.

गिटार माझ्या घरी आली. तारा सैल करून काढल्या. ब्रिजवर गरम पाण्यातलं फडकं पिळून ठेवत, पातळ सुरी हळूहळू आत घालत पट्टी पूर्ण सोडवली. अर्धी सुटलेली पट्टी तशीच चिकटवली तर टिकत नाही, हे नम्रताला पटायला वेळ लागला. जुना डिंक तिने खरवडून काढला. मग सुतारकामाचा पांढरा डिंक लावून शेजारून मागून आणलेल्या सुताराच्या शिकंज्यांनी ती आवळून दाबून ठेवली, खाली लाकडाचा तुकडा देऊन, म्हणजे गिटारीच्या पोटाला वळ उठू नये. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताच तिने विचारलं, "काढू?" मी म्हटलं, "उद्या." ती "बरं" म्हणाली नाही. "का?" म्हणाली. मी कारण सांगितलं.

तिसऱ्या दिवशी संदेशही आला. शिकंजे काढले. फटीत आता दहाची नोटच काय, कागदही जात नव्हता. नव्या बारीक तारा चढवल्या, एकदम न ताणता थोड्या थोड्या. नम्रताने मांडीवर घेऊन चाल वाजवली, वरून सुरू करून जिथे नख पांढरं झालं होतं तिथपर्यंत. बोट सहज दाबलं गेलं. संदेश दाराला टेकून ऐकत होता. त्याला या आवाजात जोर कमी वाटला असावा, पण तो म्हणाला, "प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतोय."

मला वाटलं, झालं. मी चहा ठेवायला उठले.

"बाई, थांबा," नम्रता म्हणाली. "जाड तार पाचव्या फ्रेटापाशी घरघरते आहे."

मला ते ऐकू आलं नव्हतं. मी जवळ जाऊन कान दिला. तिने पुन्हा वाजवून दाखवलं. होती घरघर, अगदी बारीक.

संदेशने कपाळाला हात लावला. "आता आम्हाला हे रोज ऐकावं लागणार."

"हो," नम्रता म्हणाली, आणि तारेला लागणारा पुढचा उंच फ्रेट घासायला माझ्याकडे कानस मागितली.