पिना मारलेला शेवट

मी छत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढताना मला कधी दया आली नाही. एकाला तर बारावीच्या पेपरातून उठवलं. त्याची आई गेटवर हात जोडून उभी होती, तरी मी बधलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना मला किती लाज वाटते आहे ते कळेल.

आमचं वाचन मंडळ चौघांचं. राजारामपुरीत वर्षाराणीचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर आम्ही रविवारी संध्याकाळी जमतो. वर्षाराणी चाळिशीची आणि तोंडानं फटकळ. हंबीरराव निवृत्त फौजदार. प्रभुलिंगअण्णांचं महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत खणांचं दुकान. अण्णा इतके सरळ, की गिऱ्हाइकानं खण हातात घेतला की स्वतःच सांगणार, "ह्येचा रंग जातोय, घ्यू नका." आणि चौथा मी, अमरसिंह सर. मंडळातला एकमेव इंग्रजीचा जाणकार, असं मीच ठरवलेलं.

आम्ही वाचायचो फक्त स्कॉटलंडच्या गुन्हेकथा. का, तर हंबीररावांनी एका प्रदर्शनातून किलोवर पुस्तकं आणली, मुखपृष्ठावर पोलीस बघून. घरी येऊन पाहिलं तर सगळी तिकडचीच निघाली. एक वाचलं, दुसरं वाचलं आणि चटकच लागली. वाद तर असे व्हायचे की खालची गिऱ्हाइकं वर बघायची.

"ह्यो कसला फौजदार," हंबीरराव म्हणायचे. "पंचनामा न्हाय, पंच न्हाईत, पावसात एकटाच दारू पीत बसतोय. आनि पावसाचं कौतुक मला सांगू नका. मी चंदगडला चार वर्सं काढल्यात."

"त्या माणसाला कुणीतरी जेवायला घाला आधी," वर्षाराणी म्हणायची. "दोनशे पानं झाली, नुसतं सँडविच खातोय बिचारा. पोटात अन्न न्हाय तर खुनी कसा घावणार त्याला?"

मी मात्र ग्लासगोच्या कथांचा कैवारी. शहर, गल्ल्या, गरिबी, त्यातून उगवणारा गुन्हा, हे खरं साहित्य, बाकी सगळा टाइमपास, असं मी बोट नाचवून सांगायचो. अण्णा ऐकून घ्यायचे. ते डिक्शनरी मांडीवर घेऊन रोज दहा पानं वाचत. पण त्यांना जे दिसायचं ते आम्हाला कुणाला दिसायचं नाही. एकदा म्हणाले, "सर, ह्या बाईनं खून केलेला न्हाई. जी बाई मेलेल्या नवऱ्याचा शर्ट घडी घालून ठिवती, ती कशाला मारंल?" आणि खरंच तिनं मारलेलं नव्हतं.

मंडळाचा एक नियम होता. पुस्तक एकच, ते आठवड्याला एकेकाकडं फिरायचं. शेवटच्या प्रकरणाच्या पानांना वर्षाराणी कडेनं स्टेपलरच्या पिना मारून द्यायची. चौघांचं वाचून झालं की रविवारी प्रत्येकानं चिठ्ठीवर खुनी कोण आणि का, ते लिहायचं. मग पिना काढून शेवटचं प्रकरण मी मोठ्यानं वाचायचं. ज्याचं नाव आणि कारण दोन्ही बरोबर, तो पुढचं पुस्तक निवडणार; दोघांचं जुळलं तर ज्याचं कारण जास्त नेमकं, तो.

पहिल्या पुस्तकाला माझी चिठ्ठी साफ चुकली. वर्षाराणी खो खो हसली. "काय वो सर, नापास?" साधी चेष्टा होती. दुसरा हसून विसरला असता. मी रात्रभर कूस बदलत राहिलो. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी माझी पाळी शेवटची होती. पिना कडेला असल्या तरी पानं वाकवली की वरून नळीसारखी फट पडते. मोबाइलची बॅटरी लावून आत डोकावलं की अर्ध्याअर्ध्या ओळी दिसतात. मला अर्ध्या ओळी पुरल्या. त्या रविवारी मी जिंकलो. त्यानंतर मी शेवटचीच पाळी मागून घेऊ लागलो, आणि जिंकतच राहिलो. संशय नको म्हणून दोनदा हंबीररावांना आणि एकदा वर्षाराणीला जिंकू दिलं. तेवढी अक्कल होती.

अण्णांना मात्र कधीच दिलं नाही. तेच सांगायला बसलो आहे.

अण्णांची एकुलती एक मुलगी सुष्मिता. बायको लवकर गेली, पोरीला त्यांनी एकट्यानं वाढवलं. ती शिकायला अॅबर्डीनला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून बसली. अण्णांनी फोनवर सांगितलं, "तू आमाला मेलीस." त्यानंतर चार वर्षं दोन्हीकडून अक्षर नाही. मग एका मार्चमध्ये पार्सल आलं. आत एक कादंबरी, स्कॉटलंडचीच. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही.

हे त्यांनी मला रंकाळ्याच्या कट्ट्यावर सांगितलं. कथा एका बेटावरची होती. दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाची मुलगी नाहीशी होते आणि संशय बापावर येतो.

"सगळं वाचलं सर, शेवटचं प्रकरण तेवढं ठिवलंय. पिना मारून ठिवलंय. बापानंच केलं असलं तर? मंजी पोरीला मला त्येच सांगायचं असंल. एकट्यानं वाचायचा धीर हुईना. आपन चौघांनी वाचूया की. तुमी सगळी बोलाय लागला की मला उमगतंय, लिव्हणाऱ्याला काय म्हनायचंय ते."

त्यावर मी काय म्हणालो? "बेटावरच्या कथांत दम नसतो अण्णा. आणि नियम म्हणजे नियम. जिंका आणि निवडा."

"व्हय, ते बी खरंच की," अण्णा म्हणाले. नियम मोडायचा विचार त्या माणसाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. तो माझ्या मनात होता.

त्यानंतर दोन वर्षं गेली. अण्णा दर वेळी जपून चिठ्ठी लिहायचे, घडी घालून डब्यात टाकायचे आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. दोनदा त्यांनी खुन्याचं नाव अचूक लिहिलं आणि थोडक्यात कारणही. माझं कारण जास्त नेमकं ठरलं. ठरणारच. मी ते चोरून वाचलं होतं. त्या दोन रविवारी मी नुसतं भलतं नाव लिहिलं असतं तर अण्णा जिंकले असते. मनात आलं होतं. पण खणाच्या दुकानदारानं इंग्रजीत मला हरवलं, हे वर्षाराणी कसं म्हणेल, तेच कानात घुमत राहिलं. अण्णांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "सर ते सरच."

यंदा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी केली. पुस्तक सुनेनं वाचून दाखवलं, पिनांपर्यंत. तिच्यादेखत डोकावणार कसा? मी पहिल्यांदाच अंदाजानं चिठ्ठी लिहिली आणि तोंडावर आपटलो. त्या रविवारी शेवटचं प्रकरण वर्षाराणीनं वाचलं. अण्णा जिंकले, नाव आणि कारणासकट. इतके लाजले की चहा सांडला. पुढच्या रविवारी ते पुस्तक रेशमी खणात गुंडाळून घेऊन आले.

"माझ्या लेकीनं पाठवलंय," ते सगळ्यांना म्हणाले. मग माझ्या हातात ठेवलं. "पयलं तुमीच वाचा, सर. डोळं बरं झालं न्हवं आता?"

मी घरी नेलं. मंगळवारी दुपारी वाचायला घेतलं. पहिलं पानही उलटलं नाही आणि हात आपसूक शेवटच्या पानांकडं गेला. खोड जात नाही म्हणतात ते काय उगीच? पानं वाकवली, बॅटरी लावली, डोळा लावला.

आत छापील अक्षरं दिसली. त्यांच्या मागं, पिनांच्या आतच अडकलेल्या अगदी शेवटच्या कोऱ्या पानावर, निळ्या शाईतलं मराठी दिसलं.

मी तिथंच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. तुकड्यातुकड्यानं, मान वाकडी करून, दुसऱ्याच्या लेकीचं पत्र वाचलं.

"अप्पा, हातात घेतलेलं पुस्तक तुम्ही अर्ध्यात सोडत नाही, म्हणून इथं लिहितेय. इथवर आलात म्हणजे राग थोडा निवळला असं समजते. त्या बापानं काही केलेलं नव्हतं, बघितलंत ना. मे महिन्यात मी बाळाला घेऊन सांगलीला मैत्रिणीकडं येतेय, पंधरा दिवस. खाली माझा नंबर आहे. तुमचा फोन आला तर घरी येईन. नाही आला तर तुमचं उत्तर मला कळलं. परत त्रास देणार नाही. सुषी."

तारीख दोन वर्षांपूर्वीच्या मार्चची होती.

पुस्तक मिटून मी कपाटात ठेवलं. पाणी प्यालो. त्या मे महिन्यात आम्ही कुठलं पुस्तक वाचत होतो ते आठवू लागलो आणि आठवलं. अण्णांनी नाव अचूक लिहिलेल्या दोन रविवारांपैकी आधीचा रविवार एप्रिलच्या अखेरचा होता. त्यांना जिंकू दिलं असतं तर महिनाभर पुस्तक फिरायची वाटही बघावी लागली नसती. वर्षाराणीच म्हणाली असती, आत्ता उघडा, लेकीचं पुस्तक आहे. सांगली इथून तासा-दीड तासावर. ती पोर तिथं पंधरा दिवस फोनकडं बघत बसली असणार, आणि तिचा बाप इथं माझ्यासाठी टाळ्या वाजवत होता.

आणि तरीही मी लगेच उठलो नाही. हेही लिहितो. मंगळवार गेला, बुधवार गेला. मनात एकच हिशोब चालू होता. गप्प बसलो तर महिन्याभरानं सगळ्यांसमोर पिना निघतील, पत्र आपोआप सापडेल. मी डोकावलं होतं हे कुणाला कळायचं कारण नाही. दोन वर्षं गेलीच आहेत, आणखी चार आठवड्यांनी काय बिघडतं? एवढा नीच विचार माझ्या डोक्यात दोन दिवस आरामात राहिला. जेवण गेलं नाही, सून विचारत राहिली, डोळा दुखतोय का. मी हो म्हणालो.

गुरुवारी चारच्या सुमाराला पुस्तक घेऊन अण्णांच्या दुकानात गेलो. अण्णा एकटेच होते, खणांच्या घड्या घालत.

"या या सर. झालं वाचून? येवढ्या लगीच?"

"अण्णा, पिना काढा."

"छे छे. अजून तिघांचं वाचायचं हाय. शेवट सांगू नका हां, पाया पडतो."

"बापानं काही केलेलं नाही," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. मग मी सगळं सांगितलं. पानं कशी वाकवतात ते, बॅटरी, किती पुस्तकं, त्यांची दोनदा बरोबर आलेली नावं, मागचं पान, आणि मंगळवारपासून गप्प बसलो होतो तेही. अण्णांनी कापड कापायची कात्री घेतली, तिच्या टोकानं एकेक पिन उचकटून काढली आणि शेवटचं पान उघडलं. बोट ठेवून ओळ अन् ओळ वाचली. तारखेवर बोट बराच वेळ राहिलं.

मला वाटलं, आता कानाखाली बसेल. बसायला हवी होती. मी चष्मासुद्धा काढून हातात धरला होता.

"तिला वाटलं असंल," ते हळू म्हणाले, "अप्पानं वाचलं, आनि गप बसला."

मग त्यांनी मोबाइल घेतला, नंबर एकेक आकडा बघून लावला. तिकडं सकाळ असणार. बरीच रिंग गेली. पलीकडून बाईचा आवाज आला आणि अण्णा उभे राहिले, दुकानात कुणी थोर माणूस आल्यासारखे.

ते कानडीत बोलत होते, त्यांच्या घरची बोली ती. उमेदवारीची चार वर्षं मी गडहिंग्लजला काढली आहेत, मला कानडी कळते. "सुषी, अप्पा मातनाडतीनी," म्हणाले, अप्पा बोलतोय. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. पलीकडचा आवाज चढला, थांबला, पुन्हा चढला. ती विचारत होती, दोन वर्षं का नाही, हे मला न ऐकताही कळत होतं.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी तिथंच उभा होतो, दोन हातांच्या अंतरावर. खरं उत्तर होतो मी. त्यांनी नुसता फोन पुढं केला असता तरी चाललं असतं.

"तप्पु नंदु," ते म्हणाले. चूक माझी. पुढचंही कानडीतच. "पुस्तक आलं तसं कपाटात टाकलं, पोरी. रागानं. उघडलंच न्हवतं. आज उघडलं."

जो माणूस गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलला नाही, तो लेकीशी खोटं बोलत होता, आणि ते मला झाकण्यासाठी. ती ते खरंच मानणार होती, कारण तिचे अप्पा खोटं बोलत नाहीत. उरलेला सगळा जन्म तिच्या मनात हेच राहणार होतं, की बापानं दोन वर्षं रागानं पुस्तक उघडलं नाही.

"फोन द्या, मी सांगतो तिला," एवढंच म्हणायचं होतं. छत्तीस वर्षं मी पोरांना उभं करून चुका कबूल करायला लावल्या. माझं तोंड उघडलं नाही. अण्णांनी पाठ फिरवून डोळे पुसले, मी चष्मा घातला, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून घरी आलो.