कॉम्प्युटरला अवसेची सुट्टी

0 */2 * * * अंडी_फिरव

ही ओळ जागृतीने लिहिली. अर्थ सोपा: दर दोन तासांनी अंडी फिरव. जुन्या कॉम्प्युटरवर तिने लिनक्स टाकलं होतं आणि त्यात क्रॉन नावाचा मुकादम असतो. तो घड्याळ बघतो, वेळ झाली की काम करवून घेतो. पडवीतल्या उबवणीच्या पेटीत बल्बची ऊब, खाली मोटर. ती ट्रे कलता करते. कोंबडी हेच चोचीने करते. तिला ओळ लिहावी लागत नाही.

वरची ओळ ज्या फाईलमध्ये आहे, तिच्यात # लावून लिहिलेलं कॉम्प्युटर वाचत नाही. दहिवलीच्या या घरातलं बोलणं सगळं त्याच जातीचं.

# सासू, बायजा: आमच्या खुडूक कोंबडीला करंट लागत नाय गं.
# जागृती: तुमची कोंबडी किती अंड्यांवर बसणार, आई? मला बचत गटातल्या सगळ्या बायकांना पिल्लं द्यायचीत.
# बायजा: ती बसते तरी. तू कुठं बसतेस?

पिल्लं निघाली तर गट पुढची ऑर्डर देणार. नाही निघाली तर पेटी माळ्यावर आणि जागृती परत कंपनीत पॅकिंगला. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसरीही ओळ होती: काम चुकलं तर जागृतीच्या फोनवर मेसेज. म्हणून ती निर्धास्तपणे भिवपुरीला बहिणीकडे गेली. फोन दिवसभर गप्प. म्हणजे सगळं ठीक.

संध्याकाळी येऊन बघते तर कॉम्प्युटरला हळदकुंकू, वर जास्वंद, आणि स्क्रीन काळी.

# जागृती: बाबा! हा बंद कोणी केला?
# सासरे, धाकलू: मी. आज अवस हाय. अवसेला आमी बैल जुंपत नाय, आन ह्यो रोज राबतोय.
# जागृती: आणि अंडी?
# धाकलू: बल्ब चालू ठेवलाय. येवढी अक्कल हाय मला.
# जागृती: मग मला मेसेज का नाही

वाक्य तिथेच तुटलं. मेसेज पाठवणारा राहायला त्याच कॉम्प्युटरमध्ये. मुकादमाबरोबर राखणदारालाही सुट्टी मिळाली होती.

तिने अंडी हातानेच फिरवायला घेतली. धाकलू न सांगता समोर येऊन बसला आणि दुसऱ्या टोकाकडून सुरू झाला. मग तिने एक अंडं टॉर्चवर धरलं. लाल शिरांचं जाळं, मध्ये काळा ठिपका.

# धाकलू: गेलं?

ठिपका हलला.

काही अंड्यांत नाही हलला. ती तिने बाजूला ठेवली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं, असं धाकलूला वाटलं.

नवी ओळ: काम झालं की मेसेज, आणि तो धाकलूच्या फोनवर. वेळेला मेसेज आला नाही तर धाकलूने ओरडायचं.

# बायजा: वरडायला सांगाया नको त्यांना. लगीन झाल्यापासून तेच करतायत.

धाकलू दाढीच्या दुकानात सांगू लागला, अंडी फिरली. टेंपोत बसल्या बसल्या सांगू लागला, अंडी फिरली. कुणी विचारलं नव्हतं.

मग कोंडाण्याला एका हळदीचं जेवण. पंगत बसली, पानात मटण पडलं, वेळ झाली. मेसेज नाही. एक घास. अजून नाही. धाकलू हात न धुता उठला आणि कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसला.

# धाकलू (फाटकातूनच): जागृते! बंद पडला गं तुझा मुकादम!
# जागृती: हळू बोला. फिरवणं मीच बंद केलं. पिल्लू बाहेर यायला लागलं की अंडं हलवत नाहीत.
# धाकलू: आन मला कोन सांगनार?
# जागृती: विसरले.
# धाकलू: मटन सोडून आलो गं मी!

पेटीत एका अंड्याचा टवका उडाला होता. आतून बारीक चिवचिव. शेजारच्या अंड्याला तडा. त्याच्या पलीकडे अजून एक. जागृती मोजत नव्हती. तोंडावर पदर धरून नुसती बघत होती. धाकलूने मसाल्याचा हात पाठीमागे धरला आणि काचेशी वाकला.

# धाकलू (घरातल्या बायजाला): अगं ए, हिकडं ये. तुज्या कोंबडीला पन आन.