माती बसेपर्यंत

नव्या वसाहतीत विजेचा एकही खांब दिसता कामा नये, सगळी वीज जमिनीखालून गेली पाहिजे, असा नगरपालिकेचा नियम होता. ठेकेदाराची त्याला ना नव्हती. खांब नको तर नको, खणू. त्याने रस्त्याच्या कडेने कमरेइतका खोल चर खणला, तळाला वाळू पसरली, वाळूवर केबल निजवली. तिथवर सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं ते तपासणीपाशी.

तळाची केबल नगरपालिकेच्या साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. केबलवर अर्धा चर माती भरली की वर पिवळी इशारापट्टी अंथरतात, पुढे कोणी खणायला आलं तर त्याने वेळीच थांबावं म्हणून. तीही साहेबांनी जागेवर पाहायची. आणि दोन्ही एकाच भेटीत. आता केबल दाखवावी तर पट्टी अजून गुंडाळलेली, आणि पट्टी दाखवावी तर केबल मातीखाली.

"खाली केबल आहे कशावरून?" साहेब विचारत.

"साहेब, परवा तुम्हीच पाहिलीत की!"

"ती वेगळी भेट."

मग पट्टी काढा, माती उपसा, केबल दाखवा. केबल दिसली की साहेब विचारत, "पट्टी कुठाय?" मजुरांच्या नाकी नऊ आले. मुकादम तर म्हणायला लागला, की हा चर आता आपला आपणच उघडतो आणि मिटतो, आम्ही नुसते सोबतीला उभे असतो.

यातली गंमत अशी, की हे साहेब म्हणजे ठेकेदाराच्या थोरल्या बहिणीचा नवरा. घरी दाजी, चरावर साहेब. भूमिगत विजेचं खातं त्यांच्या एकट्याकडे, त्यामुळे दुसऱ्या कोणाकडे जायची सोय नाही. मेहुणा म्हणून सोडलं, असं कोणी म्हणू नये यासाठी ते इतके ताठ, की चराच्या काठावर ओळखसुद्धा दाखवत नसत. एकदा तर त्यांनी ठेकेदाराला "आपलं नाव?" असं विचारलं होतं.

ठेकेदाराचा जीव अडकला होता वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या घरात. ते त्याने आईसाठी बांधलं होतं. त्याचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं, त्यात पोरंबाळं, म्हणून "थोडे दिवस" लेकीकडे गेलेली आई तिथेच राहून गेली होती. आईला बहिणीच्या गळ्यात घातलंय, असं त्याला तोंडावर कोणी म्हणत नव्हतं, पण त्याला ते दिवसरात्र ऐकू यायचं. कोपऱ्यावरच्या घराला रंग लागला होता, दारावर आईच्या नावाची पाटी होती. वीज तेवढी नव्हती. आईला आधीच कमी दिसायचं, अंधाऱ्या घरात तिला ठेवणार कशी?

शेवटी त्याने डोकं लढवलं. चराच्या पोटात एक जाड काच उभी केली, काचेच्या पलीकडे माती भरली आणि अलीकडे साहेबांना उतरायला खड्डा ठेवला. खाली वाळू, वाळूत केबल, वर माती, मातीवर पिवळी पट्टी, सगळं एकावर एक, स्वच्छ. मुकादमाने काच आपल्या शर्टाने पुसली.

साहेब उतरले. वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. "दोन्ही दिसतंय," ते म्हणाले. "उत्तम काम. नामंजूर."

"आता काय राहिलं?"

"दिसतंय ना? दिसतंय ते भूमिगत कसं?"

ठेकेदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी तो थेट बहिणीच्या घरी गेला, दाजींना फैलावर घ्यायला. दार उघडंच होतं. आत दाजी आईशेजारी बसून मटार सोलत होते आणि काचेची हकीकत तिखटमीठ लावून सांगत होते. आई हसून हसून डोळे पुसत होती. हा माणूस इतका बोलतो, हे ठेकेदाराला आजवर माहीत नव्हतं.

"दिवे कधी लागायचे रे माझ्या घरात?" लेकाची चाहूल लागताच आईने विचारलं.

दाजींचा हात थांबला. "नियम असतात, आई," ते म्हणाले. आवाज पार खाली गेला होता.

ताईने भावाला स्वयंपाकघरात ओढलं. "यांची आई हे लहान असतानाच गेली, ठाऊक आहे ना तुला? आता ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी 'आई' म्हणून हाक मारतात. मला मेलीला कोण विचारतंय!"

भांडायला आलेला ठेकेदार मुकाट्याने पाणी प्यायला. त्याला राग येत होता, लाजही वाटत होती, आणि दाजींची दयाही येत होती. आईच्या कानाला मात्र काही झालेलं नव्हतं. बाहेरून ती म्हणाली, "उद्या तपासणीला मी येणार आहे."

दुसऱ्या दिवशी चराच्या काठावर खुर्ची मांडली गेली.

"जावईबापू," आई म्हणाली, "केबल पुरल्यावर येऊन बघायचा काही नियम नाही का हो तुमच्यात?"

साहेब म्हणाले, "आहे. माती खचत नाही ना, ते बघायचं. दर रविवारी. माती बसेपर्यंत."

"बसायला किती दिवस लागतात?"

"ते तपासणाऱ्याने ठरवायचं."

"मग नीट तपासा. घाई करू नका. आणि जेवल्याशिवाय जायचं नाही."

साहेबांनी नाक शिंकरलं. मग खड्ड्यात उतरून काचेतून दोन्ही पुन्हा पाहिलं, वर आले आणि म्हणाले, "आता माझ्यादेखत काचेसकट पुरा. म्हणजे पाहिलंही, आणि दिसतही नाही. भेट एकच."

आईच्या घरात दिवे लागले. ती खोल्याखोल्यांतून बटणं दाबत फिरली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या चरावरून विटांचे ट्रक जातात, जमीन तसूभर हलत नाही. दर रविवारी साहेब येतात, टाचेने माती दाबतात, "अजून बसलेली नाही," म्हणतात आणि आईच्या घरात शिरतात ते अंधार पडल्यावरच निघतात. ठेकेदाराचं काम कच्चं, असा गावभर बोभाटा झाला आहे. परवा कळलं, की इतकी वर्षं न बसणारी ही माती आहे तरी कसली, ते बघायला सोमवारी वरचे मोठे साहेब येणार आहेत.

रविवारी दाजी जेवून गेल्यावर ठेकेदाराने कुदळ घेतली आणि आपल्या हाताने ती माती जागोजाग सैल करून ठेवली.