सेबास्त्यावचं रक्त आणि शेवंतीचा अंबाडा

संत सेबास्त्यावचं सतराशे वर्षांपूर्वीचं रक्त शेवटी शेवंतीच्या केसांना लागलं आणि केस झकास चमकले.

असं काही घडलेलं नाही. अंधेरीच्या त्या गावठाणात कुणालाही विचारा, तो आधी आभाळाकडे बघेल आणि मग म्हणेल, "कुठलं रक्त? कोण शेवंती?" तेव्हा ही काहीच न घडल्याची हकीकत.

पंचाऐंशीचा जानेवारी होता. संताचा सण तोंडावर आला होता. प्लेगच्या साथीत गावकऱ्यांच्या पणजोबांनी बांधलेल्या क्रूसापाशी सकाळपासून ही गर्दी! गावठाणातले ख्रिस्ती तर होतेच, पण शेजारच्या चाळीतली कोकणी मंडळीही नारळ घेऊन हजर. देव कुणाचा का असेना, रांग दिसली की उभं राहायचं.

क्रूसापुढे पांढरा झगा आणि रबरी चपला घालून ब्रदर आंब्रोझ उभा.

"रोमच्या बादशहानं संताला बांधून बाण मारले, तेव्हाचं हे रक्त! मी स्वतः रोमहून आणलंय!"

"कस्टमवाले काही बोलले नाहीत?"

"गुडघे टेकले त्यांनी!"

त्याच्या लाकडी पेटीत काचेच्या डझनभर कुप्या होत्या. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "एवढं रक्त?"

"संत तगडे होते!"

कुपीत गुलाबी खडा. ती तळहातांत धरायची आणि प्रार्थना म्हणायची. माणूस पुण्यवान असला की खड्याचं लालभडक रक्त व्हायचं. नाही झालं तर तो पापी. पेटीखालून पाणी ठिबकायचं, ते संताचे अश्रू. फादरांनी रविवारी चर्चमध्ये बजावलं होतं की या कुप्यांची कुणीही खातरजमा केलेली नाही. लोक म्हणाले, फादर जळतात.

कोन्सूच्या हातात मात्र खडा वितळेना. कोन्सू बाजारात मासे विकायची. पहाटे बर्फातली पापलेटं मांडून झाली की तशीच रांगेत यायची. तीन सकाळी आली आणि तिन्ही सकाळी खडा जसाच्या तसा.

तिची होणारी सासू फिलोमेन मावशी. तिच्या हातात रक्त रोज कसं पाझरायचं! तिनं जाहीर केलं, "पापी सून मला नको. सणाच्या दिवशी वितळलं तर लग्न, नाहीतर अंगठी परत."

"पास्कू, तू काय म्हणतोस?" कोन्सूनं नवऱ्यामुलाला विचारलं. पास्कू आपल्या बुटांकडे बघत राहिला. बुटांनाही काही सुचलं नाही.

कोन्सूनं आपली पापं आठवून पाहिली. शिळा बांगडा ताजा म्हणून विकला होता, पण एकदाच, आणि गिऱ्हाईक तसंच भांडकुदळ होतं.

सणाच्या सकाळी चाळीच्या कठड्यावर शेवंती केस मोकळे सोडून बसली होती. तिची खोबरेलाची बाटली उन्हात ठेवलेली.

"थंडीन तेलाचो दगड झालो गो," म्हणत तिनं कोन्सूचा हात धरला आणि किंचाळली, "अगो बाय! हात हत की बर्फ?"

कोन्सूनं आपल्या हाताकडे पाहिलं. मग बाटलीकडे. मग ठिबकणाऱ्या पेटीकडे. बर्फाची पेटी कशी ठिबकते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"शेवंते, चहा आहे? कढत दे."

चहाचा गिलास तळहातांत धरून ती रांगेत उभी राहिली. नंबर आला, कुपी हातात घेतली आणि प्रार्थनेची पहिली ओळ संपायच्या आत खड्याचं पाणी!

"पाप धुतलं गेलं!" आंब्रोझ ओरडला.

"माझी सूनबाई!" मावशीनं हात पसरले.

तेवढ्यावर लग्न होत होतं. पण कोन्सू म्हणाली, "मावशी, लगेच तुम्हीही धरा. पण आधी हे जरा सांभाळा, मी पदर खोचते." आणि बाजारातून आणलेल्या माशांच्या पाटीतला बर्फाचा गोळा मावशीच्या हातांवर ठेवला. पदर खोचायला एवढा वेळ कुणालाही लागला नसेल.

मग मावशीनं नवी कुपी धरली. एक प्रार्थना झाली, दुसरी झाली. खडा ढिम्म.

"मी पापी?" मावशी कडाडली. "मी? मेल्या!" तिनं बूच उपटलं आणि हुंगलं. "खोबरेल!"

"संतांना नारळ आवडायचा..." एवढं बोलून आंब्रोझ पळाला. मागे एक चप्पल राहिली आणि पेटीही. कुप्यांखाली बर्फ होता, आणि कोपऱ्यात खोबरेलाचा डबा आणि वाण्याकडची रतनजोत. ही मुळं तेलात टाकली की तेल लाल होतं, ते थंडीनं गोठतं, हाताच्या उबेनं वितळतं. त्या सकाळी गावठाणातल्या प्रत्येक घरानं डोक्याचं तेल उन्हात नाहीतर चुलीपाशी ठेवलं होतं, आणि तिथूनच सगळे रक्त बघायला आले होते.

"तेल वाया कशाक घालवूचा?" शेवंती म्हणाली आणि कुप्या गोळा करून केसांना चोळू लागली.

कोन्सू क्रूसाच्या पायरीवर चढली. "सेबास्त्याव बाणांतून वाचला तर पळून नाही गेला. बादशहासमोर उभा राहून खरं बोलला, म्हणून त्याला मारलं. त्याला मानता ना? मग बादशहाला नको, निदान झगेवाल्याला तरी एक प्रश्न विचारा. बूच काढून बघू दे म्हणा. खरा संत त्यानं रागावत नाही."

पास्कू बुटांवरून नजर काढून म्हणाला, "अंगठी राहू दे ना तुझ्याकडेच."

"आठवडाभर माझ्या पाटीतल्या बर्फात हात घाल. मग बघू."

त्यानं घातले. लग्न झालं. सासूनं हार घालताना सुनेचे हात चाचपून पाहिले.

गावठाणातर्फे हवामान खात्यास नम्र विनंती: यापुढे अंधेरीत खोबरेल गोठेल इतकी थंडी पाडण्यापूर्वी रहिवाशांना लेखी पूर्वसूचना द्यावी व त्यांची हरकत असल्यास थंडी परस्पर मालाडकडे वळवावी. सदर प्रकार मुळात घडलेलाच नसल्याने उत्तर तातडीने अपेक्षित आहे.