पायपुसण्यावरची फटाकडी

“निघालास का?” बायकोनं फोनवर विचारलं.

“दारात अडचण आहे,” तो कुजबुजला.

“कसली?”

“बाई आहे एक. बसलीय. उठत नाही.”

“कोण बाई?”

“पक्षीण गं. फटाकडी. अंड्यांवर बसलीय.”

“बरं,” बायको म्हणाली. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन म्हणतात, तसं.

त्याला सगळे श्शकाका म्हणत. पाणथळीत फळ्यांची वाट जिथं संपते, तिथल्या पक्षी बघायच्या लाकडी खोलीचा तो रखवालदार. बाक पुसायचे आणि बोलणाऱ्याला ‘श्श’ करायचं, एवढंच काम. ते अंगात इतकं भिनलं होतं, की घरी मेहुणा शिंकला तरी हा ‘श्श’ करी. घरी जायला मिळे ते सोमवारी. तेव्हा मुलगी शाळेत असे आणि ती परतायच्या आत याची शेवटची बस सुटे. मुलगी बापाला मुख्यतः भिंतीवरच्या फोटोवरून ओळखत होती.

म्हणून आजची मुलाखत. शहरातल्या कचेरीत, आवक-जावक विभागात, पाठ असलेली खुर्ची. रोज संध्याकाळी घरी. मेहुण्यानं साहेबांना गळ घातली होती. साहेब तीनपर्यंत थांबणार होते आणि उद्यापासून निवृत्त होणार होते.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो निघण्याआधी बाक पुसायला आत शिरला आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं गेलं. लव्हाळ्यातलं घरटं बुडू लागलं. फटाकडीनं एकेक अंडं चोचीत धरून जवळच्या कोरड्या जागी आणलं. कोरडी जागा म्हणजे खोलीच्या दाराबाहेरचं पायपुसणं. इतक्या लाजऱ्या पक्ष्याला फटाकडी हे नाव ठेवणाऱ्यानं ती पाहिली नसणार. पण त्याला तरी दोष का द्या, या पाणथळीत ती वर्षानुवर्षं कुणीच पाहिली नव्हती.

दार बाहेर उघडणारं. खिडकी म्हणजे दुर्बिणीपुरती आडवी फट. त्यातून श्शकाकाचं डोकं गेलं असतं, पण मुलाखतीला तेवढं पुरलं नसतं.

त्यानं दार पेरभर ढकललं. पायपुसणं सरकलं, फटाकडी उठली, एक अंडं फळ्यांच्या फटीकडे घरंगळलं. तिनं चोचीनं अंडं मागे ओढलं आणि दाराच्या कडेला पाठ टेकून पुन्हा बसली.

आता दार उघडलं तर ती जाणार. ओढून घेतलं तर बिजागऱ्या किंचाळणार. सोडलं तर वारा ते तिच्यावरच आपटणार. तो दाराची मूठ धरून उभा राहिला.

फोन थरथरला. दातांचा डॉक्टर. या एका पक्ष्यापायी दर रविवारी भलीमोठी दुर्बीण घेऊन येणारा.

“श्शकाका, दिसतंय का काही?”

दाराच्या फटीपलीकडे फटाकडी त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर पिसं साफ करत होती. ‘हो’ म्हणायचा अवकाश, फळ्यांवर दुर्बिणींची रांग लागली असती.

“नाही,” तो म्हणाला.

“येऊ का?”

“नको. वारा आहे.”

“कमाल आहे बुवा. बारा महिने तिथं बसून तुम्हाला एक पक्षी दिसत नाही. मला तर वाटतं, तुम्हाला बघूनच पळत असतील.”

“असेल.”

मग मेहुणा. “दाजी, साहेब घड्याळ बघतायत. काय सांगू?”

“सांग, दार उघडत नाही.”

“सुतार पाठवू?”

“नको. ठोकाठोक नको.”

“दाजी, तुम्ही आत आहात ना? मग बाहेर या. सोपं आहे.”

मूठ धरलेल्या हाताला मुंग्या आल्या. त्यानं हात बदलला, तोही कुणाला न कळेल असा. तीन वाजून गेले.

“साहेब गेले,” बायकोनं सांगितलं.

“हं.”

“लाथ मारून बाहेर पडता आलं असतं तुला.”

“आलं असतं.”

“मग?”

“एकेक करून आणलीत गं तिनं. तोंडात धरून.”

“आणि आमचं काय?”

याचं उत्तर कुजबुजण्यातलं नव्हतं.

“पोरगी येईल ना आता, शाळेतून?” त्यानं विचारलं.

“येईल.”

“फोन चालूच राहू दे. टेबलावर ठेव नुसता.”

बायकोनं ठेवला. थोड्या वेळानं तिकडचं दार वाजलं. दप्तर जमिनीवर आपटलं. “आई, खायला काय आहे?” “आधी हात धू.” नळ सुटला, खुर्ची फरफटली, मुलगी कुठल्या तरी बाईंची नक्कल करू लागली आणि बायकोला न राहवून हसू आलं.

फटाकडीनं मान वर केली. त्यानं फोन कानाशी आणखी घट्ट दाबला, घरातलं काही बाहेर सांडू नये म्हणून.