चोवीस जणांत न सापडलेला फरक

निकाल हाती आला तेव्हा संशोधक मुलीचं तोंड एवढंसं झालं. स्मृती गेलेल्या रुग्णांना घरच्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला, तर त्यांची तगमग कमी होते का, हे ती वर्षभर तपासत होती. बारा जणांना ऐकवला, बारा जणांना नाही. ठोस फरक काही दिसेना. 'आवाजाचा उपयोग होत नाही,' असं तिने लिहूनही टाकलं.

संख्याशास्त्राच्या सरांनी ते वाचून चष्मा कपाळावर सरकवला. "माणसं किती लागतील, हे आधी काढलं होतंस?"

"मिळाली तेवढी घेतली, सर."

"अगं, बऱ्यापैकी फरक खरंच असता, तरी चोवीस जणांत तो सापडायची शक्यता पाचात एक. अभ्यासात तेवढीच ताकद होती. सापडला नाही म्हणजे नाहीच, असं कसं म्हणतेस?"

"मग किती हवे होते?"

"एकशे अठ्ठावीस."



दुसऱ्या दिवशी शुश्रूषागृहात काकूंनी तिला गाठलंच. त्यांचे यजमान, घड्याळं दुरुस्त करणारे, आवाज ऐकणाऱ्या गटात होते.

"माझ्या बडबडीचा उपयोग होतो का गं? नसेल तर बंद करते. तीस वर्षं ते हेच तर सांगत होते!"

'नाही' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला. "मला माहीत नाही, काकू. चूक माझी आहे. माणसं फारच कमी घेतली. आता नव्याने सव्वाशेच्या वर हवीत."

"एवढंच ना? घाबरवलंस की!"

काकूंनी फोन हातात घेतला तो सोडलाच नाही. पाच शुश्रूषागृहांतल्या नातेवाइकांना त्यांनी पटवलं. रेकॉर्डिंगला लाजणाऱ्यांना म्हणायच्या, "भाषण नको. घरी भांडता तसं बोला." मधेच यजमान गेले. दहा दिवसांनी काकू पुन्हा हजर.

दोन वर्षांत एकशे तीस जण झाले. या वेळी फरक दिसला. लहानसा, पण दिसला. मुलगी धावतच काकूंच्या घरी गेली.

 ऐकून काकू हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांना झाला असेल का गं उपयोग?"

"आकडे एकट्या माणसाचं सांगत नाहीत, काकू. पण तुमचा आवाज लागला की ते चादर चुरगाळायचे थांबायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

काकूंनी पदराने डोळे टिपले, खुर्ची जवळ ओढली.

"परत सांग."

तिने परत सांगितलं.