दार उघडं आहे

गाण्याचं सगळं तयार होतं, फक्त गाणारी सोडून.

गाणारीचं घरातलं नाव पिपाणी. जन्मली तेव्हा अशी काही ओरडली की सुईण दचकली, आणि आत्यानं तिथल्या तिथे बारसं उरकलं. आता ही पिपाणी स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं पहिलं गाणं घेऊन एका तळघरातल्या स्टुडिओत उभी होती. भिंतींना राखाडी फोम, पायात वायरींचा गुंता. सिंथ हे विजेवरचं वाद्य वाजवणाऱ्याला सगळे वायरदादा म्हणत. त्यानं खाली धपधपणारा ठेका टाकला होता आणि वर काचेवर टिचकी मारावी तसे सूर. ऐकताना बसल्या जागी पाय हलायचे. पण गाण्याची सुरुवात मात्र वाद्यांशिवाय होती. हेडफोनमध्ये चार ठोके, मग नुसता पिपाणीचा आवाज, ‘कोण थांबलंय बाहेर? दार उघडं आहे’, आणि मग सगळी यंत्रं एकदम तुटून पडायची.

नेमकी तिथेच पिपाणी उशिरा यायची.

“पुन्हा अर्धी मात्रा मागे!” काचेपलीकडून वायरदादा करवादला. “अगं, बस चुकल्यासारखी धापा टाकत काय येतेस?”

“कळतंय मला, दादा.”

“कळतंय तर ये ना वेळेवर!”

खोड जुनी होती, आणि घरातलीच होती. पिपाणीचे वडील गाऊन प्रवचनं करायचे. सगळे त्यांना बुवा म्हणत. बुवांनी ओळ म्हणायची आणि मागे उभ्या असलेल्यांनी तिचं शेपूट उचलून पुन्हा म्हणायचं, झील धरायची. कळायला लागल्यापासून पिपाणी त्या मागच्या रांगेत होती. समोर बुवांची मान. ती किंचित वर झाली की ओळ मागे सोपवली असं समजायचं, त्याआधी तोंड उघडायचं नाही. “देवाशी बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये,” बुवा सांगत. पोरगी हे इतकं पक्कं शिकली की आता पुढे कुणी नसलं तर तिचा गळा उघडायलाच तयार नव्हता.

आणि गाणं काढणाऱ्या कंपनीच्या बाईंनी सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं. “संध्याकाळपर्यंत जमलं तर तुझ्या आवाजात. नाहीतर शब्द, चाल तुझी, पण गायला मी दुसरी आणते.”

दुपारी बुवा डबा घेऊन आले. बरोबर आत्या.

“अगंबाई, एवढ्या वायरी! इथे गातात की वीज तयार करतात?” आत्यानं साडी सावरली.

पिपाणीचा चेहरा बघूनच बुवांनी डबा खाली ठेवला. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, “बाबा, माझ्या पुढे उभे राहा. नुसतेच. पाठ करून. तुमची मान दिसली की येईल मला.”

बुवा उभे राहिले. चार ठोके झाले. पिपाणी मानेकडे बघत राहिली. पाचवा झाला, सहावा झाला. मान काही हलेना.

“अहो दादा, हलवा की मान! पुतळा झालात काय?” आत्या काचेपलीकडून ओरडली.

“मी कशी हलवू? ओळ माझी नाही,” बुवा म्हणाले.

मग ते वळले, पोरीला वळसा घालून तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

“चल. आज मी मागे.”

“तुम्ही? तुम्ही कधी कुणाच्या मागे उभे राहिलात?”

“नाही राहिलो, म्हणून तर तुझी ही गत झाली. गा.”

समोर आता मान नव्हती. माइक होता, काच होती. पाठीमागून बुवांच्या तोंडातल्या लवंगेचा ओळखीचा वास येत होता. पिपाणीनं डोळे मिटले, देवाला मनातल्या मनात म्हणाली, तू तरी पुढे आहेस ना. आणि ठोक्यावर, बरोब्बर ठोक्यावर, आवाज सोडला, ‘कोण थांबलंय बाहेर? दार उघडं आहे...’

तिच्या कानात यंत्रं तुटून पडली. पण बुवांच्या कानांवर हेडफोन कुठे होते? त्यांना ऐकू आली ती फक्त लेकीची ओळ आणि तिच्यामागची शांतता. आयुष्यभर मागच्यांनी भरलेली जागा अशी रिकामी बघवेना त्यांना. घसा न खाकरता त्यांनी खणखणीत झील धरली, “उघडं आहे, उघडं आहे!”

वायरदादा खुर्चीतून उठला. “बुवा! हे राहू द्यायचं!”

“छे छे, पुसा ते आधी!” बुवा कानकोंडे झाले. “चुकून तोंडातून गेलं. मी देवाचं गाणारा माणूस, या टुंगटुंगीत माझा आवाज? लोक काय म्हणतील?”

“लोक राहू द्या. तुम्ही रोज वेगळं काय सांगता?” आत्या म्हणाली. “दार उघडं आहे, या, हेच ना? तुम्ही चपला काढून सांगता, पोरीनं घालून सांगितलं, एवढंच.”

बुवांनी पिपाणीकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती, नुसती हसत होती, डोळे पुसत.

“राहू दे,” ते म्हणाले. “पण माझा आवाज मागे ठेवा. ओळ तिची आहे.”

बाईंनी संध्याकाळी ते ऐकलं, एकदा, मग पुन्हा. दुसऱ्या गायिकेचं नाव पुन्हा निघालं नाही.

गाणं बाहेर पडलं आणि आठवड्याभरात रिक्षांमधून, सलूनमधून, शाळेच्या व्हरांड्यांतून ‘उघडं आहे, उघडं आहे’ ऐकू यायला लागलं. प्रवचनाला येणाऱ्या म्हाताऱ्यांनीच बुवांना गाठलं, “काय बुवा, आम्हाला शिकवा की ती झील!” पिपाणीच्या पहिल्या कार्यक्रमाला त्या सगळ्या आल्या, आपापल्या उशा घेऊन, कारण तिथल्या खुर्च्या कडक आहेत असं आत्यानं पसरवलं होतं.

दिवे मंदावले. वायरदादानं हात वर धरला. सभागृह श्वास रोखून बसलं.

पिपाणी पुढे आली. मागे वळली नाही. चार ठोके, आणि तिचा आवाज छतापर्यंत गेला. ओळीच्या शेवटी तिची मान किंचित वर झाली. तेवढंच. सगळं सभागृह उठून उभं राहिलं, “उघडं आहे, उघडं आहे!” आणि सिंथ, ठेका, टाळ्या, सगळं एकाच वेळी कोसळलं.

शेवटच्या रांगेतले बुवा सगळ्यांत मोठ्यानं गात होते.

“दादा, अर्धी मात्रा उशिरा येताय,” आत्या कानात ओरडली.

“येणारच!” बुवा म्हणाले. “आधी तिचं होऊ दे.”